वाणाला सायडर

त्या हिवाळ्यात आमच्या घरात मोठ्याने बोलणारं कोणी उरलं नव्हतं. बोलायच्या त्या जिन्याखालच्या कपाटातल्या बरण्या. काचेच्या, पोटाला फुगीर, तोंडाला अरुंद, आणि प्रत्येकीच्या बुचातून वर आलेली एक वाकडी नळी, नळीत थोडं पाणी. आतून वायू सुटला की ते पाणी 'बुळुक' म्हणायचं. ऑक्टोबरात तर नुसता कल्ला होता, एक गप्प बसली की दुसरी सुरू. मी समोरच्या खोलीत ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, अभ्यास करत बसायचे आणि आई हॉस्पिटलमधून आली की कोट न काढता आधी त्या कपाटाचं दार उघडून कान लावायची. भूलतज्ज्ञ बाई ती. माणसाचा श्वास ऐकायची सवय. "चाललाय," म्हणायची आणि मग चहा टाकायची. बाबा उन्हाळ्यातच लंडनमध्ये ईलिंगला राहायला गेले होते. कागदांवर सह्या झाल्या होत्या, कोणी कोणाला मारलं नव्हतं, कोणी पळून गेलं नव्हतं, दोन शहाण्या माणसांनी ठरवून वेगळं व्हायचं तसं ते झालं होतं. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. मला लिहायचंय त्यानंतर जे झालं त्याबद्दल, कारण त्याचा संताप मला आजही येतो, आणि संताप आल्याशिवाय मला लिहिता येत नाही.

माझं शिक्षण पत्रकांवर झालं. आमच्या बाजूची बस कौन्सिल बंद करणार होतं तेव्हा मी सोळा वर्षांची होते; ब्रिस्टलच्या पावसात लोकांच्या दारांतून कागद सरकवताना मी शिकले की मथळा दुरून वाचता आला पाहिजे, मागण्या तीनच असाव्यात, चौथी कोणी वाचत नाही, आणि 'कृपया' हा शब्द कुठेही येता कामा नये. आज भाडेकरूंसाठी पत्रकं लिहिते तेव्हाही हेच नियम पाळते. आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, असं दोघा-तिघांनी सांगून झालंय. पण म्हातारपणापर्यंत थांबलं की माणसं समजूतदार होतात, आणि मला या बाबतीत समजूतदार व्हायचं नाही.

तर बरण्या. आमच्या मागच्या बागेत सफरचंदाची दोन झाडं होती, घर घेतलं तेव्हापासूनची. फळ आंबट, तुरट, बारीक. बाबांच्या काळात ती खाली पडून सडायची, गांधीलमाश्या यायच्या, आणि बाबा दर वर्षी म्हणायचे की झाडं काढून टाकू. ते गेल्यावर आईने पहिल्यांदा त्या झाडांकडे नीट बघितलं असावं. अन्न पायाखाली येतंय हे तिला सहन होईना. तिने मुरांबा केला, लोणचं केलं, कोशिंबिरीत घातली, आमटीत चिंचेऐवजी घातली (ती आमटी चांगली झाली होती, खरं सांगते), तरी टोपल्याच्या टोपल्या उरल्या. तेव्हा कुंपणावरून पॉलीनचं डोकं वर आलं. पॉलीन आमची शेजारीण, आयुष्यभर सिटी बस चालवून रिटायर झालेली, दोनदा घटस्फोट घेतलेली, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोहोचणारा. "ऑल राइट, माय लव्हर?" ती आईला म्हणाली. ब्रिस्टलमध्ये हे कोणीही कोणालाही म्हणतं, दूधवाला पोस्टमनला म्हणतो, पण पहिल्या वर्षी आई त्याने दचकली होती म्हणे. "एवढ्या फळाचं लोणचं घालून कोणाला मारणार आहेस? सायडर कर." सायडर म्हणजे सफरचंदाच्या रसाची आंबवलेली हलकी दारू.

पॉलीनला सायडरमधलं सगळं येतं असा तिचा समज होता. निम्मं चुकायचं. तिच्या भावाचा लाकडी दाबयंत्राचा सांगाडा तिने आणला, त्याचा दांडा पहिल्याच दिवशी मोडला. आई एकेक फळ धुवायला लागली तेव्हा ती ओरडली की सालीवरचं खमीर जाईल. आईने ऐकलं नाही, मग खमीर दुकानातून आणावं लागलं. पण आमच्या गॅरेजमध्ये पडलेला तो सडक्या-गोड रसाचा वास, चेपलेल्या चोथ्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आईच्या सलवारीवर गुडघ्यापर्यंत उडालेले तपकिरी डाग आणि त्या दोघींचं न थांबणारं भांडण, हे सगळं मला अजून आठवतं. कित्येक महिन्यांनंतर आई घरात मोठ्याने बोलली होती.

डिसेंबरात 'बुळुक' मंदावलं, जानेवारीत थांबलं. गाळ तळाला बसला आणि वर सोन्यासारखी पारदर्शक सायडर उभी राहिली. तोवर स्वयंपाकघरात दुसरंच काम चालू झालं होतं. आई दर वर्षी संक्रांतीला हलवा घरी करायची. लोकांना वाटतं हलवा म्हणजे दुकानातली पांढरी पुडी. आमच्याकडे मंद आचेवर परात, परातीत मूठभर तीळ, आणि साखरेचा पाक चमच्याने थेंबथेंब सोडत बोटांच्या टोकांनी ते तीळ फिरवत राहायचं. संध्याकाळ गेली तरी तिळावर नुसता पांढरा पापुद्रा येतो. दुसऱ्या संध्याकाळी दाणा जाडावतो. आणि हवा पुरेशी थंड असली तर मग काटे फुटतात. आई म्हणायची की ब्रिस्टलच्या जानेवारीने एवढं एकच काम चांगलं केलंय, हलव्याला काटा पुण्यापेक्षा बरा येतो. तिची बोटं लाल व्हायची, मी म्हणायचे मिळतो की विकत, आणि ती पाकाचा पुढचा थेंब सोडायची.

संक्रांतीच्या आदल्या शनिवारी गावातल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. चर्चचा भाड्याचा हॉल, रेडिएटर तापलेले, बायका काळ्या साड्यांत, त्यावर जाड कार्डिगन, पायांत मोजे. तिळगुळाची ताटं, साबुदाण्याची खिचडी, आणि वाणाला नेहमीप्रमाणे काहीतरी प्लास्टिकचं. आई काळी चंद्रकळा नेसून पहिल्यांदाच एकटी आली होती, म्हणजे माझ्यासोबत. हळदीकुंकवाचं ताट मेधाकाकूंच्या हातात होतं. मेधाकाकू मंडळाच्या महिला विभागाच्या अध्यक्ष. रविवारच्या मराठी वर्गात मला बाराखडी त्यांनीच शिकवली, आणि मी 'तो बाटली' म्हणाले की अजूनही त्यांचाच चेहरा मला दिसतो. त्या रांगेने येत होत्या. एका बोटाने हळद, दुसऱ्याने कुंकू, पुढची. साठेकाकूंना लावलं. पुढची आई. आईने मान किंचित पुढे केली. सगळ्या बायका करतात तशी, लहानपणापासूनची सवय. आणि ताट थांबलं. मेधाकाकूंचं बोट कुंकवात होतं, तसंच राहिलं.

"अगं वैशाली," त्या म्हणाल्या, "चहाचं बघतेस का जरा? कोणीच नाहीये तिकडे."

आणि ताट पुढच्या बाईकडे गेलं.

आई उठली. मोठ्या पातेल्यात चहा चढवला, आलं किसून घातलं, साखर बेताची, सगळ्यांना कपांतून नेऊन दिला. मी खुर्च्या मांडत होते, माझ्या हातात एक खुर्ची होती. ती मी कोणाच्या डोक्यात घातली नाही हे माझ्या आयुष्यातलं सर्वात मोठं संयमाचं काम.

गाडीत मी सुरू झाले. "मी पत्रक काढते. उद्याच. मथळा, 'कुंकू कोणाच्या मालकीचं?' लग्नाआधी मुलींना लावता की नाही? मला लावलं ना आत्ता? म्हणजे ते नवऱ्याचं नाही. मग नवरा गेला की काढून का घेता? आणि इथे तर नवरा मेलाही नाही, नुसता ईलिंगला गेला! मेट्रोच्या सेंट्रल लाइनवर!"

आई हसली नाही. वायपर चालू होते. तिने राउंडअबाउट ओलांडला.

"तू पत्रक काढलंस तर त्या तुला उत्तर देतील," ती म्हणाली. "मला कोण देणार?"

"मग तू काय करणार?"

"मी हळदीकुंकू करणार. माझ्या घरी. सगळ्यांना बोलावणार, मेधाताईंनाही."

"त्यांना का?"

"सानू, नीट ऐक. घरच्या हळदीकुंकवात काय असतं? मी आलेल्या बाईला लावते, आणि मग ती मला लावते. उलट लावल्याशिवाय कोणी जात नाही. तिथे हॉलमध्ये ताट पुढे गेलं. माझ्या दारातून पुढे कुठे जाणार?"

मला आठवतं, त्या वाक्याला मी मनातल्या मनात टाळी दिली आणि लगेच घाबरलेसुद्धा. कारण कोणी आलंच नाही तर? पत्रक वाचलं नाही तर ते कचऱ्यात जातं. आईने मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर त्या कुठे टाकायच्या?

दुसऱ्या दिवशी आम्ही सायडर भरायला घेतली. पॉलीनने तिच्या शेडमधून जाड काचेच्या, तारेच्या खटक्याने बंद होणाऱ्या बाटल्या आणल्या होत्या. आईने त्या बाळाच्या दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायच्या पाण्यात बुडवल्या, ओव्हनमध्ये वाळवल्या, मग स्वच्छ पंच्यावर उलट्या मांडल्या. पॉलीन म्हणाली की आई आता कोणाचं तरी अपेंडिक्स काढणार आहे. वरच्या बरणीतून खालच्या बाटलीत रबरी नळीने सायडर उतरवायची, गाळ न हलवता. पॉलीन नळी तोंडाने ओढायला गेली तेव्हा आईने तिच्या हातावर चापट मारली, नळीत पाणी भरलं, टोक खाली सोडलं, आणि ती सोनेरी धार आपोआप चालू झाली. पहिला पेला आम्ही तिघींनी मिळून चाखला. माझे दात आंबले. साखरेचा मागमूस नाही, सगळी खमिराने खाल्लेली.

"आता ठरवा," पॉलीन म्हणाली. "अशीच भरायची, शांत? की फसफसणारी?"

मी म्हणाले शांत. काळी साडी, हळदीकुंकू, शांत सोनेरी पेय, त्यात एक प्रतिष्ठा आहे. आईने विचारलं, फसफसणारीला काय लागतं. पॉलीन म्हणाली, प्रत्येक बाटलीत थोडी साखर, घट्ट झाकण, उबेची जागा आणि धीर. उरलेलं खमीर ती साखर खातं, वायू बाटलीतच कोंडतो, उघडली की आवाज.

"आवाज किती?"

"शेजारी कळतं."

"फसफसणारी," आई म्हणाली. "मी या गावात पुरेशी शांत राहिलेय."

आणि मग तिने ते केलं, जे कुठल्याही सायडरवाल्याने कधी केलं नसेल. साखरेचा डबा बाजूला सारून तिने हलव्याचा डबा उघडला. "साखरच आहे," ती म्हणाली. "संक्रांतीचं वाण आहे, साखर संक्रांतीची नको?" प्रत्येक बाटलीत नरसाळ्यातून चमचा चमचा काटेरी हलवा. टिक टिक टिक असा काचेवर पडायचा आणि पांढरे दाणे सायडरमधून हळूहळू खाली जायचे. पॉलीनने एक दाणा उचलून दाताखाली फोडला. "आत काहीतरी आहे."

"तीळ."

"तिळाने काय होतं?"

"काही नाही," माझी भूलतज्ज्ञ आई म्हणाली.

विज्ञान शिकलेल्या दोन बायका त्या खोलीत होत्या. मी केमिस्ट्रीला बसणार होते. शाळेतला पोरगाही सांगेल की वायू भरलेल्या पेयात खरखरीत बी टाकलं की वायू त्याला धरून बाहेर धावतो. आम्हाला सुचलं नाही. आमच्या डोळ्यांना तो सणाचा हलवा दिसत होता.

बाटल्या एअरिंग कपबर्डमध्ये गेल्या, जिथे गरम पाण्याची टाकी असते आणि टॉवेल वाळतात. आमचं देवघरही त्याच कपाटात होतं, वरच्या फळीवर, कारण सबंध घरात तेवढीच जागा उबेची. त्यामुळे पुढचे आठवडे आई आंघोळ करून उदबत्ती लावायची आणि खाली वाकून बाटल्याही बघायची. पॉलीन रोज म्हणायची, एक उघडून बघू. माझंही तेच म्हणणं होतं. आई म्हणायची, "वाणाला आधी हात लावायचा नाही. द्यायचं ते आपण उष्टं करायचं नाही." नैवेद्य दाखवायच्या आधी आमच्या घरात कोणी आमटीही चाखत नाही. मीठ वासावरून कळतं असा आईचा दावा. बाटलीला वास नव्हता.

दिवस तिने रथसप्तमीचा धरला. संक्रांतीचं हळदीकुंकू त्या दिवसापर्यंतच चालतं, म्हणजे हाच शेवटचा. बायकांना मेसेज टाकून बोलवायचं नाही, फोन करायचा, हा तिचा हट्ट. स्पीकरवर भाजी चिरता चिरता ती एकेकीला फोन लावत होती आणि मी ऐकत होते. "बघते गं, ऑन कॉल आहे का ते बघून सांगते." "अय्या, तुझ्याकडे? ... नाही, नाही, छानच की." एकीने विचारलं, कोण कोण येतंय? आई म्हणाली, तू येतेयस. मेधाकाकू म्हणाल्या, "रथसप्तमीला? वर्किंग डे आहे ना गं?"

"संध्याकाळी आहे मेधाताई. आणि तुम्ही रिटायर्ड आहात."

"येते," मेधाकाकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी खुर्च्या मांडून झाल्यावर आई जिन्याच्या पायरीवर बसली. चंद्रकळेच्या निऱ्या हातात. मी तिला याआधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "कोणी नाही आलं तर पॉलीनला आणि तुला लावीन," ती म्हणाली, "आणि सगळ्या बाटल्या आपण पिऊ." तेवढ्यात बेल वाजली.

आली ती केतकी. नागपूरची, नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या व्हिसावर नुकतीच आलेली, कोणाच्या घरात काय चाललंय याची अजून कल्पना नसलेली. "काकू, काय सुंदर वास येऊन राहिला! गुळाच्या पोळ्या का?" आईने तिला हळदकुंकू लावलं. केतकीने लगेच ताट घेतलं आणि आईला लावलं, बोलता बोलताच, जणू त्यात काही आहेच कुठे. पॉलीनलाही तिने लावलं. पॉलीनने आरशात बघून विचारलं की दोन नवरे झाले म्हणून दोन टिकल्या मिळतात का.

मग बाकीच्या आल्या. येतील असं वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आल्या, कुतूहल ही मोठी गोष्ट आहे. पण आईने लावून झाल्यावर ताट पुढे केलं की एकेक म्हणायची, "थांब, आधी कोट काढते." "बाकीच्या येऊ देत, मग लावते." साठेकाकूंनी तर ताट घेतलं, माझ्याकडे दिलं आणि बाथरूम विचारलं. मला कळलं. सगळ्या मेधाकाकूंसाठी थांबल्या होत्या. त्या लावतील तर या लावणार. मोर्च्यात मी हे नंतर पुष्कळदा पाहिलं. शंभर माणसं तयार असतात, फक्त पहिलं पाऊल दुसऱ्याने टाकायचं असतं.

मेधाकाकू शेवटी आल्या, पैठणी नेसून, हातात नारळ. आईने त्यांना लावलं. त्यांनी ताटाकडे बघितलं. "बसू दे तरी आधी," म्हणाल्या आणि मधल्या खुर्चीवर बसल्या.

आईने आग्रह केला नाही. तिळगूळ दिला, पोळ्या दिल्या, आणि सरळ वाण वाटायला घेतलं. प्रत्येकीच्या हातात एक बाटली, गळ्याला काळी रिबीन.

"हे काय गं, ऑलिव्ह ऑइल?" साठेकाकू म्हणाल्या.

"सायडर. मागच्या झाडांची. मीच केली."

"सायडर म्हणजे," मेधाकाकूंनी बाटली उजेडात धरली, "दारू?"

"थोडी."

"वाणात दारू? वैशाली, डोकं फिरलंय का तुझं?"

मी उभी राहिले. मंडळाच्या दिवाळीत हॉलच्या मागे गाड्यांच्या डिक्क्या उघडून सगळे काका काय पितात याचं भाषण माझ्याकडे तयार होतं, तीन मुद्द्यांत. आईने मला फक्त हाताने खाली बसवलं.

"मेधाताई, ख्रिसमसला तुम्ही माझ्याकडे वाइन आणलीत. मी घेतली."

"ती विकत होती."

"म्हणून बरी का?"

कोणीतरी खुदकन हसलं. पॉलीनला भाषा कळत नव्हती पण भांडण कळत होतं. ती शेवटच्या सीटपर्यंतच्या आवाजात म्हणाली, "ओपन वन, माय लव्हर!" साठेकाकूंनी माझ्याकडे वळून कुजबुजत विचारलं, "काय म्हणाली ती आईला?" मी म्हणाले, नंतर सांगते.

आईने एक बाटली घेतली, हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी टीपॉयवर धरली, आणि अंगठ्याने खटका उचलला.

पुढचं मी पत्रकात लिहिलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून खोडलं असतं. आवाज झालाच. पण आवाजामागून जे आलं त्याला धार म्हणता येणार नाही. आख्खी बाटली एका दमात वर गेली, छताला लागली आणि पसरून खाली आली. आई अंगठा लावायला गेली तर ती बाजूंनी उडाली, पडद्यावर, पोळ्यांवर, पैठणीवर, सगळ्यांच्या केसांत तीळ. ताटातलं कुंकू तरंगायला लागलं आणि लाल पाण्याचा ओघळ टीपॉयवरून गालिच्यावर उतरला.

मग केतकी हसायला लागली, हुंदके आल्यासारखी, आणि मग सगळ्याच. साठेकाकूंनी मनगटावरचं चाटून बघितलं. "अगं, छान आहे!" पॉलीन ओरडत होती की मी म्हटलं नव्हतं का, एक उघडून बघा. पण मी आईकडे बघत होते. केतकीने लावलेलं कुंकू धुऊन तिच्या नाकावरून खाली आलं होतं. कपाळ कोरं. मेधाकाकूंचंही तेच झालं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला, बोटं बघितली, आणि त्यांचा चेहरा पडला.

आईने पदराने आपले डोळे पुसले. मग पंचा आणला, मेधाकाकूंचं कपाळ टिपलं, ताटातल्या ओल्या लगद्यात बोट बुडवलं आणि त्यांना पुन्हा हळद लावली, पुन्हा कुंकू लावलं. हसणं हळूहळू थांबलं. आई तिथेच, त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"तुमचं राहिलंय मेधाताई."

मेधाकाकू ताटाकडे बघत राहिल्या. "मला त्या दिवशी सुचलं नाही गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लावलं तर तुला टोचेल का, नाही लावलं तर..."

"विचारायचं होतंत."

"हॉलभर बायका होत्या."

"म्हणून चहाला पाठवलंत."

मेधाकाकू खरं बोलत होत्या की सोय बघत होत्या, यावर आई आणि मी अजून भांडतो. आई म्हणते खरं. मी म्हणते, खरं असेल तर जास्तच वाईट. एखाद्या बाईला काय टोचेल हे तिला न विचारता ठरवायचं, आणि तिलाच चहाला लावायचं. पण त्या खोलीत तेव्हा माझं मत कोणी विचारत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

"लावा," आई म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी हॉलमध्ये ताट घेऊन मी फिरणार."

मेधाकाकूंनी मान वर केली. "ते... कमिटीला विचारावं लागेल."

"विचारू नका. सांगा."

मेधाकाकू उठल्या. भिजलेली पैठणी सावरली. बोट ताटात बुडवलं, आईच्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू. ते ओलं होतं, लावता लावताच खाली ओघळायला लागलं. आईने ते पुसलं नाही. त्यांच्यामागे साठेकाकू उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामागे आणखी एक. ताट या हातातून त्या हातात गेलं, आणि माझी आई कपाळावरून नाकापर्यंत लाल-पिवळी होत प्रत्येकीपुढे मान वाकवत राहिली, आणि मधेच मला म्हणाली, "सानू, बाटल्या उभ्याच न्यायला सांग सगळ्यांना. आणि उघडायच्या त्या बागेत."

मेधाकाकूंनी कमिटीला विचारलं की सांगितलं, मला माहीत नाही. पुढच्या संक्रांतीला ताट आईच्या हातात होतं. नवरा असलेली, नसलेली, नवरा गेलेली, सोडलेली, कधी केलाच नाही अशी, पहिल्या रांगेपासून दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ती एकाही बाईसमोर न थांबता पुढे गेली नाही. त्याला वेळ फार लागला. चहा गार झाला. कोणी उठून तो गरम करायला गेलं नाही.